कानवाल्यांच्या मागची किर्र

सोमवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेता घेता कानवाले थांबले. कप हातात तसाच राहिला, मान तिरकी झाली, डोळे मिटले. ते बघून वहिनींनी आपला कप खाली ठेवला. नवऱ्याची मान अशी तिरकी झाली की घरातली एखादी चांगली चालणारी वस्तू दुपारपर्यंत सुटी होऊन जमिनीवर पडते, हे त्यांना संसाराच्या अनुभवाने पाठ झालं होतं.

"फ्रिज," कानवाले म्हणाले.

"फ्रिजला काही झालेलं नाही."

"तू बोलू नकोस. ऐक."

वहिनींनी ऐकलं. खरंच कुठून तरी बारीक, कोरडा आवाज येत होता. किर्र. जरा थांबून पुन्हा किर्र.

कानवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. गावात मिक्सर, पंखे, पंप दुरुस्त करणारे इतरही होते. पण ते आधी मशीन उघडत आणि मग विचार करत. हे आधी ऐकत. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला, टोक मशीनला, डोळे बंद. मग जड आवाजात निकाल लागायचा, "मागचं बेअरिंग. अजून थोडे दिवस ओढेल." आणि ते तेवढेच दिवस ओढायचं. म्हणून लोक त्यांना कानवाले म्हणू लागले. त्यांच्या बायकोला कानवालीण म्हणायचा प्रयत्नही एकदा झाला होता, पण तो त्यांनी तिथल्या तिथे मोडून काढला. तेव्हापासून त्या सगळ्या गल्लीच्या वहिनी.

आदल्याच दिवशी, रविवारी, वहिनींनी एक मोठी लढाई जिंकली होती. हवेत गारवा आला, ट्रंकेतले गरम कपडे उन्हात पडले, की दर वर्षी त्यांना गावाबाहेरच्या तळ्याचे वेध लागत. तळ्याभोवतीची झाडं या दिवसांत आधी पिवळी होतात, मग तांबडी, आणि मग एक दिवस वारा येतो आणि सगळा खेळ खाली. दर वर्षी कानवाले म्हणायचे, "पुढच्या रविवारी नक्की." आणि दर वर्षी वहिनी शेवटी जायच्या तेव्हा तिथे नुसत्या काड्या उभ्या असायच्या.

या वर्षी मात्र कानवाले आले. आले, म्हणजे आपला जाडजूड तपकिरी कोट गवतावर अंथरून त्यावर चांगले तासभर घोरले. उठले, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. झालं ना?"

"पानं पडेपर्यंत दर रविवारी यायचं," वहिनींनी त्यांना ते अर्धवट झोपेत असतानाच विचारून घेतलं होतं. "हो म्हणा."

"हूं."

हूं म्हणजे हो. वहिनींनी ते घट्ट पदरात बांधून ठेवलं होतं.

आणि आता हे.

कानवाल्यांनी अंगातल्या कोटाच्या बाह्या सारल्या, फ्रिज भिंतीपासून ओढला, मागची जाळी काढली. आवाज बंद. "बघ," ते म्हणाले, "हात लावला की गप्प. म्हणजे स्क्रू ढिला होता." त्यांनी सगळं आवळलं, तेल दिलं, कान लावून श्वास रोखला.

किर्र.

पुन्हा उघडलं. गप्प. पुन्हा जोडलं, पुन्हा कान लावला. किर्र.

दुपारी ते भिंतीवरच्या घड्याळावर घसरले. संध्याकाळी वहिनींचं शिलाई मशीन उघडलं. गंमत अशी, की प्रत्येक वस्तूत तोच आवाज होता आणि प्रत्येक वस्तू उघडली की तो थांबत होता.

"आई," कानवाले खिडकीपाशी बसलेल्या आईच्या कानात ओरडले, "तुला काही ऐकू येतंय का?"

"नाही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या आणि काकडी सोलत राहिल्या. त्यांचे कान कधीच गेले होते. मुलाला जन्म देताना सगळी श्रवणशक्ती त्यालाच देऊन टाकली, माझ्याकडे काही उरलंच नाही, असं त्या स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खिडकीतली खुर्ची, समोरची गल्ली आणि बाजूच्या खुंटीवरचे कपडे एवढं त्यांचं जग. त्यात त्या मजेत होत्या.

"तिचं बरं आहे," कानवाले म्हणाले, कोटाची बटणं लावली आणि दुकानात गेले.

तिथेही किर्र.

त्याच आठवड्यात बेकरीवाल्याचं बोलावणं आलं. पीठ मळायच्या मशीनचा पट्टा घसरत होता. कानवाल्यांनी पट्टा चढवला, तेल दिलं. जाता जाता सवयीने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"याच्यातही आहे."

बेकरीवाला वाकून ऐकू लागला. "हो की. पण एरवी नसतं हो."

"तुला सवय झालीय, म्हणून कळत नाही."

"नाही, खरंच. तुम्ही आलात की वाजतं."

कानवाल्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो मुकाट्याने पीठ चाळायला लागला.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांची खुर्ची वर जायची थांबली होती. नेमका खुर्चीत एक पेशंट, तोंड उघडं, गळ्याला नॅपकिन. कानवाले खुर्चीखाली शिरले, तेल दिलं आणि स्तब्ध होऊन ऐकू लागले. खोलीत सामसूम झाली. तेवढ्यात किर्र.

पेशंटने तोंड मिटलं. "डॉक्टर, हे माझ्या दाढेतून येतंय का?"

डॉक्टरीणबाई हुशार होत्या, पण क्षणभर त्यांनाही खात्री वाटेना. त्यांनी आरसा घालून दाढेत पाहिलं. ते पाहणंच चुकलं. पेशंट नॅपकिनसकट जो गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

त्या दिवशी कानवाल्यांना कारण सापडलं. फ्रिज, घड्याळ, शिलाई मशीन, बेकरी, दवाखाना, सगळीकडे त्यांनी एकाच डब्यातलं तेल घातलं होतं.

"तेलात खोट आहे," ते रात्रीच्या जेवणाला बसता बसता म्हणाले. "मी ज्या ज्या मशीनला हे तेल दिलं, ते सगळं आता धुऊन काढायला हवं."

"धुवा की. सोमवारपासून."

"सोमवार? अगं, माझ्या तेलाने लोकांची मशीनं किरकिरतायत आणि मी तळ्याकाठी बसू?"

तो रविवार मशीनं धुण्यात गेला. तेल बदललं. नवा डबा आणला. सोमवारी नव्या तेलातूनही किर्र.

गावात बोभाटा झाला. कानवाल्यांचे कान गेले, असं कोणी म्हणे. कोणी म्हणे, कान शाबूत आहेत, पण पुढचं काही तरी सुटलंय. बेकरीवाल्याने मिक्सर दुरुस्तीला दुसरीकडे दिला आणि बातमी आपोआप घरापर्यंत आली. त्या दिवशी कानवाले जेवले नाहीत. स्क्रूड्रायव्हर कपाटात ठेवून दिला. अंघोळीला मात्र वारंवार जाऊ लागले.

"पुन्हा अंघोळ?" वहिनी विचारत.

"तिथे बरं वाटतं," ते म्हणत. "तिथे नसतं ते."

वहिनींना आता राग यायचा थांबला होता. ज्या माणसाला त्यांनी कधी कशाला घाबरताना पाहिलं नाही, तो माणूस आपल्याच घरात चहाचा कप हलकेच खाली ठेवत होता, आवाज होऊ नये म्हणून. आणि खिडकीतून दिसणारं समोरचं झाड रोज थोडं थोडं रिकामं होत होतं. पुढचा रविवार गेला, की तळ्याकाठी पुन्हा काड्याच.

शनिवारी कानवाले असेच अंघोळीला गेलेले. वहिनी घड्या घातलेले कपडे घेऊन खोलीत आल्या आणि दारातच थांबल्या. सासूबाई काकडीची एक पातळ चकती चिमटीत धरून खुंटीवरच्या कोटाच्या खिशात सोडत होत्या. अगदी जपून, एखाद्याला घास भरवावा तशी.

"आई," वहिनी जवळ जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "हे काय करताय?"

"त्याला देतेय."

"कोणाला?"

सासूबाईंनी खिशाचं तोंड बोटाने उघडून दाखवलं. खिशाच्या तळाला भोक होतं. ते शिवून द्यायचं वहिनी गेल्या हिवाळ्यापासून म्हणत होत्या. त्या भोकातून, अस्तराच्या अंधारातून, दोन लांबच लांब मिशा बाहेर आल्या. मिशांनी काकडी चाचपली. मागोमाग एक काळसर, तुकतुकीत डोकं आलं.

रातकिडा.

"तळ्यावरून आला बिचारा," सासूबाई म्हणाल्या. "याच्या कोटात शिरून. कोट घातला की हा आत, काढला की मिशा बाहेर. घरी आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं? काकडी आवडते त्याला. सफरचंद दिलं होतं, तोंड नाही लावलं."

वहिनी पलंगावर टेकल्या. एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. कानवाले हलले, की हा घाबरून गप्प. ते श्वास रोखून ऐकायला उभे राहिले, की याला वाटे सगळं निवांत आहे, आता गायला हरकत नाही. खिशात बिचाऱ्याला दिवस आणि रात्र सारखेच. आणि अंघोळीला कोणी कोट घालून जात नाही.

"आई, गावभर गोंधळ झालाय. तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला कोणी विचारलं?" सासूबाईंना खरोखरच नवल वाटलं. "तो रोज येऊन विचारतो, ऐकू येतंय का. नाही येत, तर काय सांगू? दिसतंय का, असं एकाने तरी विचारलं?"

न्हाणीघरातून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. तिथे जाऊन दारावर थाप मारावी आणि सांगून टाकावं, असं वहिनींच्या मनात आलं. त्या उठल्यासुद्धा. मग खिडकीतून समोरच्या झाडावरची उरलीसुरली पानं दिसली, आणि त्या पुन्हा बसल्या.

"आई, उद्यापर्यंत काही बोलू नका."

"मी कुठे काय बोलते," सासूबाई म्हणाल्या.

कानवाले ओल्या केसांनी बाहेर आल्यावर वहिनींनी चहा पुढे केला. "अहो, मी काय म्हणते. मशीन बिघडलं की तुम्ही पहिलं काय विचारता लोकांना?"

"आवाज कधीपासून येतोय."

"मग हा कधीपासून येतोय?"

"त्या सोमवारपासून."

"आणि आदल्या दिवशी कुठे होतो आपण?"

कानवाल्यांनी कप खाली ठेवला. त्यांच्या कपाळावर बऱ्याच दिवसांनी आठी पडली, कामाची आठी. उठून त्यांनी कपाटातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि कोटाच्या दुसऱ्या खिशात घातला.

रविवारी दुपारच्या बसने तिघं तळ्यावर गेली. सासूबाईंच्या हातात पिशवी, पिशवीत काकड्या. झाडं अजून पुरती रिकामी झाली नव्हती. एकाच झाडावर पिवळा, नारिंगी, तांबडा असे सगळे रंग होते, आणि वारा नसतानाही मधूनच एखादं पान स्वतःच्या मनाने सुटून, गिरक्या घेत, घाई न करता खाली येत होतं. वहिनींनी शाल गवतावर पसरली आणि पाय लांब करून बसल्या.

कानवाले बसले नाहीत. एका झाडाच्या बुंध्याला स्क्रूड्रायव्हर लावून ते ऐकत होते. शेजारच्या बाकावरचं एक जोडपं उठून जरा लांब जाऊन बसलं.

ऊन उतरलं. गवतातून एक किर्र आली. मग दुसरी. मग या काठाला, त्या काठाला, झुडपांतून, दगडांखालून, सगळं तळं किरकिरायला लागलं.

कानवाले पांढरेफटक पडून परत आले. "अगं, इथे सगळ्यांचीच बेअरिंगं गेलीयत."

"कोट काढा," वहिनी म्हणाल्या.

"थंडी आहे."

"काढा म्हणते ना."

सासूबाईंनी कोट गवतावर ठेवला आणि खिशाच्या तोंडाशी काकडीची चकती ठेवली. मिशा आल्या, डोकं आलं, मग अख्खा रातकिडा बाहीवर येऊन बसला. तिघं स्तब्ध. त्याने पंख किंचित उचलले, एकमेकांवर घासले. किर्र.

कानवाले गुडघ्यांवर बसून पाहत राहिले.

"बेकरीत?" त्यांनी विचारलं.

"हाच."

"दवाखान्यात?"

"तिथेही हाच."

"फ्रिज?"

"फ्रिजला काही झालेलं नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

आता हे चिडणार की रडणार, याचा वहिनींना अंदाज येईना. कानवाल्यांनी दीर्घ श्वास सोडला. "म्हणजे कान शाबूत आहेत."

"शाबूत आहेत."

ते तिथेच आडवे झाले, पण या वेळी झोपले नाहीत. "पंखावर पंख," ते स्वतःशीच म्हणाले. "तेल नाही, पट्टा नाही, आणि घासून घासून झिजत कसं नाही?" मग म्हणाले, "त्या दगडाखालचा जरा संथ आहे. पलीकडचा तरुण असावा, फार घाई करतोय." मग वर झाडाकडे बघत, "अगं, पान पडतानासुद्धा आवाज होतो. माहीत होतं तुला?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. खरं तर त्यांना माहीत होतं.

शेवटची बस जेमतेम मिळाली, कारण कानवाले उठायलाच तयार नव्हते.

घरी आल्यावर चहा झाला. खुंटीवर कोट, त्याच्या खिशाचं भोक वहिनींनी आल्याआल्या शिवून टाकलेलं. सासूबाई सवयीने काकडी सोलायला घेऊन मग थांबल्या. घर अगदी शांत होतं.

तेवढ्यात किर्र.

वहिनींनी फ्रिजकडे पाहिलं. कानवाल्यांनी पाहिलं नाही. त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि पूर्वीच्याच जड आवाजात निकाल दिला.

"तुझी शाल. डाव्या हाताचा काठ. घडीच्या आत."

सासूबाईंनी लेकाचा चेहरा पाहिला, शालीकडे पाहिलं आणि काकडी पुढे सोलायला घेतली.

"याला परत सोडायला जावं लागणार," कानवाले म्हणाले. आवाजात तक्रार मुळीच नव्हती. "पुढच्या रविवारी?"

"जाऊ की," वहिनी म्हणाल्या.

निघायच्या वेळी, सगळं आवरून झाल्यावरही, त्यांनी ती शाल इतका वेळ गवतावर का पसरून ठेवली होती, हे त्या बोलल्या नाहीत. त्यांना कोणी विचारलंही नाही.