पन्नास पानं दम काढा

दस्तगीरचाचांच्या चष्म्याच्या दुकानात जवळचं वाचून बघायला कार्ड देत नाहीत. म्हणजे कार्ड आहे, पण चाचा त्यावर चहाचा कप ठेवतात. तुम्ही खुर्चीवर बसलात, ती जड गोल फ्रेम नाकावर चढली, तिच्यात भिंग बसलं, की चाचा मागच्या कपाटातून एक विज्ञान कादंबरी काढतात, दुमडलेलं पान उघडतात आणि तुमच्या पुढ्यात धरतात.

"वाचा पावणं."

तुम्ही वाचायला लागता. यानातली हवा संपत आलेली असते. कप्तान बाई सरपटत दारापाशी पोचलेली असते. दार आतून कुणीतरी लावून घेतलेलं असतं, आणि यानात तर तिच्याशिवाय कुणीच नसतं. इथं चाचा पुस्तक मिटतात.

"दिसतंय की स्वच्छ. फ्रेम कसली दाखवू?"

फ्रेम कुठली बघतोय माणूस. गुळाचे एक अडते असेच चष्मा करायला आले आणि आधी पुस्तक घेऊन गेले. चार दिवसांनी चष्मा न्यायला आले तेव्हा म्हणाले, "चाचा, पुस्तक बायकोनं काढून घेतलंय. तिचंबी डोळं तपासायचं म्हणतीय." शाहूपुरीत पंपाच्या आणि स्पेअर पार्टच्या दुकानांच्या ओळीत हे एवढंसं दुकान. तिथं नंबर वाढलेली माणसं जातात आणि मंगळावरून परत येतात.

मी गेले ती चाळिशीच्या चष्म्यासाठी. माझं विम्याचं ऑफिस तिथून जवळच. त्या वर्षी नवऱ्याची बदली नागपूरला झाली होती, मुलगी शिकायला बाहेर पडली होती आणि संध्याकाळी घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न मला नव्यानं पडला होता. हे मी चाचांना सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडत नाही. ते डोळे तपासता तपासता तोंड वाचतात. त्यांनी दोन-तीन पुस्तकं काढली, परत ठेवली, आणि एक जाडजूड माझ्या हातात दिलं. बर्फानं झाकलेल्या एका चंद्रावर हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या एकट्या बाईची गोष्ट.

"मी असलं काही वाचत नाही," मी म्हणाले.

"वाचणारी माणसं आभाळातनं पडत्यात व्हय? पन्नास पानं दम काढा. पन्नास पानं बाई नुसती यंत्रं दुरुस्त करत बसती. मग तिला शेजार मिळतोय."

मी दम काढला. एक्कावन्नाव्या पानावर बर्फाखालून कुणीतरी ठोठावलं. त्या रात्री मी डाळ लावली होती हे मला करपलेल्या कुकरच्या वासानं कळलं.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी दुकानाच्या बाकावर असते. दुकान अर्धंच उघडलेलं, चहा, खारी, आणि वाद. वादाला समोर पाटील इंजिनियर. हे पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले. त्यांना कादंबरीत विज्ञान शंभर नंबरी लागतं. ते पेन्सिल घेऊन वाचतात आणि समासात गणितं करतात.

"हे यान ह्या वेगानं वळलं तर आतल्या माणसांची चटणी होईल," पाटील म्हणतात.

"होऊ दे चटणी. पण माणूस कुठं हाय ह्यात ते सांगा."

हा चाचांचा एकमेव निकष. माणूस कुठं हाय? एका गाजलेल्या कादंबरीत तीन आकाशगंगा आणि सात युद्धं होती. चाचांनी ती पाटलांना बक्षीस देऊन टाकली. म्हणाले, "एवढ्या गर्दीत एकालाबी भूक लागत न्हाय. सगळी उपाशी मेली असतील, लेखकाला पत्ता न्हाय." उलट कुठल्याशा पातळ कादंबरीत एक यंत्रमानव मालकिणीच्या माघारी तिच्या झाडांना पाणी घालत राहतो, एवढंच होतं. तिच्यावर चाचा दोन रविवार बोलले. पाटलांनी विचारलं, त्याची बॅटरी इतकी वर्षं टिकली कशी. चाचांनी त्यांना त्या दिवशी खारी दिली नाही.

त्यांचं पुस्तक सुचवणं म्हणजे स्थळ जुळवण्यासारखं. नुकतंच लग्न ठरलेल्यांना ते काळात मागं-पुढं जाणाऱ्या गोष्टी देत नाहीत. "आधी आत्ताचं तर बघू दे." परीक्षेत नापास झालेल्यांना पृथ्वी बुडते ती कादंबरी देतात. त्यानं बरं वाटतं म्हणे. सर्वांत चांगली विज्ञान कादंबरी कुठली असं मात्र त्यांना विचारायचं नाही. "कुणासाठी?" असं विचारून ते तुमच्याकडे डोळे बारीक करून बघतात, आणि आपल्याला कपड्याचं माप दिल्यासारखं वाटतं.

हे सगळं गमतीचं. आता अण्णांचं सांगते.

अण्णा म्हणजे माझे वडील. गडमुडशिंगीला हायस्कूलवर इतिहास शिकवायचे. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. सकाळी पेपर हातात आला की बातम्या, अग्रलेख, वाचकांची पत्रं, निधनवार्ता आणि शेवटी टेंडर नोटिसा, असं सगळं वाचून मग अंघोळ. कादंबऱ्यांना ते 'काल्पनिक' म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांच्या तोंडात खडा आल्यासारखा चेहरा करत.

गेल्या वर्षी त्यांची नजर मधून जायला लागली, तेव्हा मी त्यांना कळंब्याला माझ्याकडे आणलं. कडेचं दिसतं. दारात कोण आलं हे चालण्यावरून सांगतात. पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय, आहे ते टिकवायचं बघू, गेलेलं परत येणार नाही. अण्णांना ते पटलं नाही. "नंबर चुकलाय," म्हणाले. "दुसऱ्याकडं ने."

म्हणून मी त्यांना चाचांकडे नेलं.

चाचांनी आमचं स्वागत केलं, चहा मागवला, गोल फ्रेम चढवली. एक भिंग, दुसरं भिंग, तिसरं. नेहमी चाचा या कामात बडबडत असतात. त्या दिवशी नुसता भिंगांचा आवाज येत होता. मग सवयीनं त्यांनी पुस्तक काढलं आणि अण्णांच्या पुढ्यात धरलं.

अण्णांनी मान तिरकी केली, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. "अक्षरं आहेत," म्हणाले. "कडंला आहेत. मधे काय न्हाय."

चाचांनी आणखी एक भिंग बदललं. मला कळलं की ते आता उगीच बदलतायत.

"गुरुजी," ते म्हणाले, "मी चष्मा विकून पोट भरतो. पण तुम्हाला विकणार न्हाय. चष्म्यानं होण्यातलं न्हाय हे."

 अण्णांनी फ्रेम उतरवायला हात वर केला, तो तसाच राहिला. तो वर राहिलेला हात मला बघवेना. चाचांनाही बघवला नसावा, कारण त्यांनी पुस्तक आपल्याकडे वळवलं आणि ते पान स्वतःच मोठ्यानं वाचायला लागले. मंगळावर विहीर खणणाऱ्या एका बाईची गोष्ट होती. सगळी वस्ती तिला वेडी म्हणते, आणि एके दिवशी पहारीला ओल लागते. तिथं चाचांनी पुस्तक मिटलं.

अण्णा खुर्चीत सरळ झाले. "जमीन कुणाच्या नावावर हाय?"

"आँ?"

"विहीर खणली ती जमीन. सातबारा कुणाचा? पाणी लागलं की भांडणं लागणारच."

पाटील इंजिनियरांनी इतक्या वर्षांत चाचांना असला प्रश्न कधी टाकला नव्हता. चाचांनी पुस्तक परत उघडून दोन पानं उलटली. मग म्हणाले, "असंल पुढं लिहिलेलं. बघून सांगतो."

घरी आल्यावर अण्णांनी जुना चष्मा खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी पेपर आला तो दारातच पडून राहिला. मी वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणाले, "तुला ऑफिसला उशीर होईल." त्यांच्या मोबाइलमध्ये मी गोष्टी ऐकायची सोय करून दिली. दोन दिवसांत त्यांनी मोबाइल परत दिला. "मधेच काय विचारलं तर हा उत्तर देत न्हाय. आपलाच बोलत सुटतो." मग ते खिडकीपाशी बसून राहायला लागले. जेवायला हाक मारली की येत, जेवत, परत बसत. जन्मभर बोलून पोट भरलेला माणूस. घरात त्यांचा आवाज येईना म्हटल्यावर मला भीती वाटायला लागली.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, मी ऑफिसातून आल्यावर, खाली स्कूटरचा आवाज झाला. कळंब्याला आमच्या घरापर्यंत चाचा कधी आले नव्हते. जिना चढून धापा टाकत आत आले.

"जयभीम, गुरुजी. सातबारा वस्तीच्या नावावर हाय. छप्पन्नाव्या पानावर लिहिलंय."

अण्णांनी मान वळवली. "मग बाईला परवानगी दिली कुणी?"

"तेच वाचायला आलोय."

असं ते सुरू झालं. दर आठवड्याला, सुट्टी आली की स्कूटर. चाचा वाचत, अण्णा अडवत. मंगळावर पाणीवाटप कोण ठरवतं? सभेला गणसंख्या पूर्ण होती का? लेखकानं सरपंचाला खलनायक केलंय, पण निवडून आलेला माणूस उगीच पाणी बंद करील का, त्याला पुढची निवडणूक न्हाय? चाचा आधी वैतागले, मग घरून तयारी करून यायला लागले. रविवारी बाकावर येऊन पाटलांना म्हणाले, "तुम्ही चटणी मोजत बसा. आमचे गुरुजी मंगळावर ग्रामसभा भरवत्यात." अण्णांनी सुट्टीच्या दिवशी दाढी करायला सुरुवात केली. पेपरही परत घरात आला. टेंडर नोटिसा सोडून बाकी सगळं मी आता सकाळी वाचून दाखवते.

एकच गोष्ट अण्णांना खटकायची. चाचा परिच्छेद संपला की थांबत. वर बघत. क्षणभर तसेच राहत, मग पुढे जात. प्रत्येक वेळी. अण्णांना दिसत नसलं तरी ती खंड पडलेली जागा त्यांना ऐकू यायची. एकदा त्यांनी विचारलंच. मी चहा घेऊन दारात आले होते.

"दस्तगीरभाई, तुम्ही सारखं थांबता कशाला? धाप लागते का?"

"न्हाय न्हाय." चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. "सवय हाय गुरुजी. वाईट सवय. आमच्या हिला वाचता येत नव्हतं. ती भाकऱ्या थापायची आणि मी पाटावर बसून वाचायचो. आयुष्यभर हेच वाचलं तिच्यापुढं, यानं आणि ग्रह. परिच्छेद झाला की ती हं म्हणायची. हं आला की पुढं जायचं. न्हाय आला तर समजायचं, गोष्ट पटलेली न्हाय. मग तिला विचारायचं, काय चुकलं. ती सांगायची, ह्या बाईनं एवढ्या लांब जाताना आईला कळवलंसुद्धा न्हाय."

ते हसले. चष्मा अजून पुसतच होते.

"ती गेल्यापासनं वाचतो मनातच. दुकानात लोकांना पुस्तकं देतो, ती आपापल्या घरी जाऊन वाचत्यात. ऐकायला कोण बसतंय? तुमच्या पोरीला वाटतं, मी तुमच्यासाठी येतोय. मी काय बोलत न्हाय."

मी दारातच उभी राहिले.

अण्णांनी मांडीवरची शाल सारखी केली. "आमच्या वर्गात," ते म्हणाले, "हं म्हटलेलं मी कधी चालवून घेतलं न्हाय. 'व्हय गुरुजी' म्हणायला लावायचो. हं म्हणणाऱ्याला बाकावर उभा करायचो."

"असं व्हय."

"व्हय." अण्णांनी घसा साफ केला. "वाचा."

चाचांनी चष्मा लावला. विहिरीचा कठडा बांधून होत आला होता. परिच्छेद वाचून झाला. ते थांबले.

"हं," अण्णा म्हणाले. हजेरी द्यावी तसं, कडक आवाजात.

चाचांनी वर बघितलं नाही. पान घट्ट धरलं आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला, जरा जास्तच मोठ्यानं. चहा निवला होता. मी तो परत गरम करायला आत घेऊन गेले.