मनगटापासून जमिनीपर्यंत

दामूकाकांच्या शेजारी फार वेळ उभं राहू नये, हे आमच्या गावात पंचेचाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण जाणतो. लग्नात फोटोसाठी रांग लागली की माणसं हळूच त्यांच्यापासून दोन हात लांब सरकतात. काका काही विचारत नाहीत, नुसता खांद्याला खांदा लावतात. महिनाभरात त्या माणसाच्या मापाची काठी तयार होते.

कुणी मागितलेली नसते, कुणाला लागतही नसते. पण काकांच्या गोठ्यात ती खिळ्याला टांगलेली असते, नावाच्या चिठ्ठीसकट.

गोठा आता नावाचाच. वाशिंदच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी गुरं विकली आणि तिथे बाक, रंधा, करवती, कानशी मांडल्या. कारखान्यात ते पॅकिंगला होते, खोक्यांना दोऱ्या आवळण्यात तीस वर्षं गेली. त्याचा सूड म्हणून की काय, आता ते काठीच्या मुठीवर सुती दोरीची अशी नाजूक वीण घालतात की दोरीचं टोक कुठे लपलं ते शोधून सापडत नाही. प्रत्येकाची वीण वेगळी. सरपंचांच्या मुठीवर गव्हाची लोंबी आहे. पन्नासाव्या वाढदिवसाला ती काठी त्यांना हार-तुऱ्यांसोबत मिळाली, तेव्हा सरपंचीणबाई आठवडाभर काकांशी बोलल्या नाहीत.

माझीही आहे. मी इथल्या शाळेत शिक्षिका, वय एकोणपन्नास, रोज तीन किलोमीटर चालणारी. एकदा दप्तराच्या कपाटाची कडी दुरुस्त करून घ्यायला म्हणून गोठ्यात गेले, तर समोर चिठ्ठी : ‘बाई, शाळा’. मला भयंकर राग आला.

“काका, माझे गुडघे ठणठणीत आहेत.”

“आज हायेत,” काका रंध्यावरून मान न उचलता म्हणाले. “डावा जरा बोलाय लागलाय. काठी गरजेच्या आधी व्हावी बाई. पडल्यावर करायला घेतली तर माप लागत नाय.”

त्यांचं मापाचं शास्त्र असं : हात सैल सोडून सरळ उभं राहायचं, मनगटाच्या हाडापासून जमिनीपर्यंत काठी. टेप त्यांना लागत नाही. शेजारचा माणूस आपल्या खांद्याला कुठे येतो, यावरून ते सगळं ताडतात. “माझं माप चुकत नाय,” हे वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकू येतं, आणि वाईट म्हणजे ते खरं असतं. डावा गुडघा खरोखरच बोलतो, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

हा नाद कुठून लागला, ते सगळं गाव जाणतं, पण त्यांच्यासमोर कुणी काढत नाही. पहिली काठी त्यांनी आईसाठी केली होती. आठ वर्षांपूर्वी म्हातारी गेली, तेव्हा थोरल्या भावाने, तुकारामदादांनी, ती काठी चितेवर ठेवली. धाकट्याला विचारलं नाही. काकांना ती ठेवून घ्यायची होती. “तिची होती, तिच्यासंगं गेली,” एवढंच दादा म्हणाले. तेव्हापासून एक वरच्या आळीत, दुसरा खालच्या आळीत, मध्ये पाऊण फर्लांग, आणि दोघांत शब्द नाही. काठीवरून भाऊ तुटतात हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

यंदा भाताच्या झोडणीत तुकारामदादा खळ्यावर घसरले. खुब्याचं हाड मोडलं, कल्याणला ऑपरेशन झालं. पौषात म्हशाची जत्रा उठता उठता डॉक्टर म्हणाले, आता वॉकर सोडा, काठी घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. हातात कापडात गुंडाळलेली काठी.

“बाई, शाळेत जाताना एवढी खालच्या आळीत द्या. माझं नाव घेऊ नका.”

जसं काही पंचक्रोशीत दुसरं कुणी असल्या काठ्या करतं! मी कापड सोडलं. इतकी सुरेख काठी मी पाहिली नव्हती. सागाची, मुठीवर बारीक वीण, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. ती नवी नव्हती. बरीच वर्षं कुणीतरी तिला पुसत आलं होतं.

“माप कधी घेतलंत?” मी न राहवून विचारलं.

“आईला खांदा दिला तवा. म्होरं आमी दोघं होतो. तिरडी सरळ ऱ्हायली. आमी एका उंचीचे, बाई. माझ्याच मनगटावर कापलीय.”

तुकारामदादा ओटीवर बसले होते. त्यांनी वीण अंगठ्याने चाचपली, कुणाची म्हणून विचारलं नाही. उठून काठी टेकली, तसा त्यांचा खांदा वर उचलला गेला.

“लांब हाय,” ते म्हणाले. “चार बोटं.”

संध्याकाळी मी काठी परत नेली. निरोप सांगताना मला अपराध्यासारखं वाटत होतं.

“शक्य नाय,” काका भडकले. “माझं माप चुकत नाय!” मग करवत हातात घेतली, काठी बाकावर आडवी धरली, आणि तसेच थांबले. “चार बोटं?” त्यांनी पुन्हा विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी करवत काखेत मारली, काठी घेतली आणि ते उतरणीला लागले. मी मागोमाग गेले. एरवी मी दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टीत पडत नाही, पण त्या दिवशी मला राहवलं नाही.

ओटीसमोर काका उभे राहिले. दादा भिंतीला धरून उठले. काका त्यांच्या बाजूला गेले आणि खांद्याला खांदा लावायला गेले, तर तो लागेना. दादांचं डोकं त्यांच्या कानाच्या खाली होतं.

“दादा, सरळ उभा ऱ्हा,” काका म्हणाले.

“सरळच उभा हाय रे, दामू.”

काका खाली बसले. भावाच्या पायाजवळ काठीच्या टोकापासून चार बोटं मोजून पेन्सिलने खूण केली, आणि खूण झाली तरी बराच वेळ उठले नाहीत.