भिंतीतून येऊ नका

बाविसावा नकाशा पुरा झाला तेव्हा ड्राफ्ट्समन काकांनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि जाहीर केलं, "आता तेविसावा काढायची वेळ आली तर मी काढणार नाही. त्या बाईंनाच म्हणावं, घ्या पेन्सिल आणि काढा."

त्या बाई म्हणजे दातांच्या डॉक्टरांच्या मातोश्री. बत्तीस वर्षं इस्पितळात काढून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. घर बांधायचं होतं डॉक्टरांना, पण प्लॉट मातोश्रींच्या नावावर असल्यामुळे नकाशावर सही त्यांची हवी होती. बावीसच्या बावीस नकाशे त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिले आणि दर वेळी एकच सांगितलं, "माझी खोली लहान आहे." खोली दहाची बारा फूट झाली, बाराची चौदा झाली, तरी ती लहानच राहिली.

आर्किटेक्ट मॅडमचा जीव या सहीत अडकला होता. ऑफिस दोन खोल्यांचं आणि माणसं दोन, त्या आणि काका. दारावरच्या पाटीवर 'निवासी घरांची रचना' असं झोकात लिहिलेलं होतं, पण अकरा वर्षांत त्यांच्या हातून झाल्या होत्या त्या बंद केलेल्या बाल्कन्या, दोन गॅरेजं, जिन्याखालचे संडास आणि तीन कंपाउंडच्या भिंती. पायापासून गच्चीपर्यंत अख्खं घर एकही नाही. मॅडमच्या आई एकदा गावाहून आल्या तेव्हा हौसेनं म्हणाल्या, "तू बांधलेलं एखादं घर दाखव की गं." मॅडमनी त्यांना रिक्षात घालून नेलं आणि एक कंपाउंडची भिंत दाखवली. आईनं भिंतीचं तोंडभरून कौतुक केलं, हात फिरवून पाहिला, पण परत येताना रिक्षात ती काही बोलली नाही. ते मॅडमना फार लागलं होतं.

"काका, आता कागद पुरे," मॅडम म्हणाल्या. "उद्या जागेवरच आखणी करून दाखवू. चुन्याच्या फक्कीनं, खऱ्या मापाचं घर. चालून बघितलं की पटेल त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच काका प्लॉटवर हजर झाले. कोपऱ्यावरचा प्लॉट, समोर रस्ता, उजव्या अंगाला वर्दळीची गल्ली, डाव्या अंगाला कुणाचीतरी शांत बाग. काकांनी ट्रेसिंग पेपरवरचा नकाशा लाकडी फळीला चिमट्यांनी लावला. चाळीस वर्षं हातानं नकाशे काढलेला माणूस तो. ऑफिसात कॉम्प्युटर होता, पण काका त्याच्यावर फक्त चष्म्याचं घर ठेवत. नकाशे काढायला जवळचा चष्मा आणि जागेवर लांबचा, असा त्यांचा रिवाज. लांबच्या चष्म्यातून नकाशावरची अक्षरं दिसत नसत, रेषा तेवढ्या दिसत. पण काकांचं म्हणणं असं, की अक्षरं गवंड्यांसाठी असतात. मापं तर त्यांना तोंडपाठ होती. अकरा वर्षांत त्यांची आखणी अर्ध्या इंचानं चुकली नव्हती.

मॅडम पोहोचल्या त्या थेट वादातच. डॉक्टर, त्यांची बायको आणि मातोश्री चुन्याच्या रेघांकडे बघत उभे होते.

"हे घर?" डॉक्टर म्हणाले. "माझा दवाखाना याहून मोठा आहे हो!"

"मोकळ्यावर लहानच दिसतं," मॅडमनी समजावलं. "वर आभाळ असतं ना. भिंती उभ्या राहिल्या की मोठं वाटायला लागतं."

"भिंती घातल्यावर जागा वाढते, हे मी पहिल्यांदाच ऐकते," डॉक्टरांची बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि आज खास रजा टाकून आली होती.

मातोश्री आपल्या खोलीच्या रेघेशी उभ्या होत्या. त्यांनी एकदा खोलीकडे बघितलं, एकदा गल्लीकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत याचाच मॅडमनी धसका घेतला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, खोटं वाटत असेल तर तुमची कॉट आणून ठेवून बघा!"

हे बोलायचं म्हणून बोललेलं होतं. पण मातोश्रींनी उभ्या आयुष्यात कुणाचं बोलणं बोलायचं म्हणून घेतलं नव्हतं. "टेंपो बोलव," त्यांनी मुलाला सांगितलं.

तासाभरात टेंपो आला. कॉट आली, कपाट आलं, जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या आल्या, सोफा आला. "कॉट आलीच आहे तर बाकीचंही बघून घेऊ," असं म्हणत सुनेनं ड्रेसिंग टेबलही आणवलं. हमालांनी कॉट उचलली आणि सरळ पुढच्या रेघेवरून आत शिरले.

"थांबा!" मातोश्री गरजल्या. "भिंतीतून कुठे निघालात? दार तिकडे आहे."

हमाल वळले, कॉट वळली आणि चुन्यात ठेवलेल्या तीन फुटांच्या फटीतून आत गेली. त्यानंतर तोच कायदा झाला. स्वयंपाकघरातून खोलीत जायचं तर हॉलमधूनच जायचं. डॉक्टर एकदा मोबाइलवर बोलता बोलता न्हाणीघराच्या भिंतीतून आरपार गेले, तर आईनं त्यांना परत पाठवून दारातून आणलं.

पुढे नवराबायकोत ड्रेसिंग टेबलावरून जुंपली. डॉक्टर म्हणाले, ते खिडकीआड येतं. बायको म्हणाली, "दहा वर्षं मी बेसिनच्या आरशात वेणी घालतेय." शेवटी ती तणतणत बेडरूममध्ये गेली आणि हवेतच दार ओढून दाराकडे पाठ करून उभी राहिली. डॉक्टर रेघेपाशी अडले.

"अगं, ऐक तर."

"दार वाजवून या."

डॉक्टरांनी इकडे तिकडे बघितलं, मूठ उचलली आणि तोंडानं म्हणाले, "टक टक."

"कोण आहे?"

"मी."

"नंतर या."

गल्लीतून जाणारी माणसं आता थांबायला लागली होती. शेजारची एक बाई चहाची किटली घेऊन आली, नवे शेजारी राहायला आले म्हणून. घराला भिंती नाहीत हे तिलाही दिसत होतं, पण लोकांच्या घरातलं उणं पहिल्याच दिवशी कशाला काढा, म्हणून ती गप्प बसली. तेवढ्यात गाल सुजलेला एक पेशंट दवाखाना बंद बघून डॉक्टरांना शोधत तिथे पोहोचला. तो रेघ ओलांडून आत आला, मातोश्रींनी त्याला दारातून परत आणलं आणि सोफ्यावर बसवलं. "मोठा आ करा," डॉक्टर म्हणाले आणि भर उन्हात त्याची दाढ बघू लागले. "उजेड फार छान आहे हो तुमच्या हॉलमध्ये," पेशंट आ केल्या केल्याच म्हणाला.

मॅडम हरखून बघत होत्या. आपण काढलेल्या घरात माणसं राहतात, भांडतात, चहा पितात, हे त्यांनी अकरा वर्षांत प्रथमच पाहिलं. कंपाउंडच्या भिंतीला हे सुख नाही. मातोश्री कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर सकाळचं ऊन आलं होतं. किती छान, असं मॅडमच्या मनात आलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी वर सूर्याकडे बघितलं.

सकाळचं ऊन या खोलीत यायचंच नव्हतं. ते स्वयंपाकघरात यायचं होतं.

त्यांनी गल्लीकडे बघितलं, बागेकडे बघितलं. गल्लीच्या अंगाला स्वयंपाकघर हवं होतं, तिथे मातोश्रींची खोली होती. बागेच्या अंगाला खोली हवी होती, तिथे जेवणाचं टेबल होतं. त्या काकांच्या दिशेनं निघाल्या, दारातून, आणि फळीवरचा ट्रेसिंग पेपर त्यांनी हातात घेतला. सगळी अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी होती.

"काका, हा पालथा लागलाय!"

काकांनी खिशातून जवळचा चष्मा काढला, लावला आणि ते मटकन विटांच्या ढिगावर बसले. ट्रेसिंग पेपरचं हेच वाईट, रेषा दोन्ही बाजूंनी सारख्याच ठसठशीत दिसतात. अख्खं घर डाव्याचं उजवीकडे आणि उजव्याचं डावीकडे झालं होतं.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा," काका पुटपुटले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, एक सांगू? त्या खुशीत दिसतायत. कागद सुलटा करा, सही घ्या आणि गप्प बसा. नकाशा तर बरोबरच आहे. उद्या पहाटे येऊन मी आखणी सुलटी करून टाकतो. चुनाच तर आहे, कुणाच्या बापाला कळणार नाही."

मॅडमना मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. अकरा वर्षांनी आलेलं घर हातातोंडाशी होतं. त्यात मातोश्रींनी तिकडून हाकही मारली, "मॅडम, पेन आहे का? आणा तो नकाशा, करून टाकते सही."

टेंपोवाल्यापासून पेशंटपर्यंत सगळ्यांनी माना वळवल्या. मॅडम नकाशा घेऊन निघाल्या. दारातून आत, हॉलमधून डावीकडे, नव्हे उजवीकडे. कॉटपाशी त्या थांबल्या.

"मावशी, सही करू नका," त्या म्हणाल्या. "आमची चूक झालीय. आखणी उलटी झालीय. ही तुमची खोलीच नाही. तुमची खोली तिकडे, बागेच्या बाजूला आहे. आणि सूनबाईंचं स्वयंपाकघर इकडे हवं होतं, सकाळच्या उन्हात."

विटांवर बसलेल्या काकांनी डोळे मिटून घेतले.

"सकाळच्या उन्हात?" सूनबाई म्हणाली. "मी सातला शाळेत असते. स्वयंपाकघरात ऊन आलं की नाही हे बघायला घरात असणार कोण? संध्याकाळचं आलं तर उपयोग तरी होईल."

"मग तू बाविसातल्या एका तरी नकाशात हे का नाही सांगितलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला नकाशा कळतो कुठे? मी आपली मान हलवायचे."

मातोश्री मात्र शांत होत्या. त्यांनी मॅडमच्या हातातला ट्रेसिंग पेपर घेतला, दोन्ही हातांनी आभाळाकडे धरला आणि त्यातून उजेड बघितला.

"उलटं आहे, ते मला सकाळी आल्या आल्याच कळलं," त्या म्हणाल्या.

"कळलं?"

"बत्तीस वर्षं एक्स-रेच्या फिल्मा धरल्यात अशा. नवखे डॉक्टर घाईत पालथी लावायचे. मग पेशंटचं काळीज उजवीकडे जायचं आणि मी मागून सांगायची, साहेब, जरा फिरवा. तुमची फिल्म पालथी लागलीय, एवढंच."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही पुसून सुलटी केली असती. आणि मला पुन्हा त्या बागेच्या अंगाला टाकलं असतंत."

डॉक्टर पुढे आले. "पण आई, ती खोली मी मुद्दाम तिकडे मागितली. तुला शांतता मिळावी म्हणून."

"शांतता कुणी मागितली होती रे तुझ्याकडे?" मातोश्री म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा हलला. "सगळा जन्म वॉर्डात गेला माझा. वॉर्डात शांतता झाली की काळजात धस्स व्हायचं. इथे बघ, सकाळपासून दूधवाला गेला, शाळेची पोरं गेली, ही किटलीवाली आली. तिकडे बागेत मी काय बघणार? झाडं?"

"अगं, मग तसं सांगायचं ना! खोली लहान, खोली लहान, काय लावलं होतंस?"

"तू इतक्या प्रेमानं सांगत होतास, आई, तुला अगदी शांत खोली देतो. तुझं मन कसं मोडू? लहान म्हटलं की माणूस निदान पुन्हा नकाशा काढतो. म्हटलं, काढता काढता कधीतरी जागा बदलेल."

डॉक्टर कॉटच्या कडेला बसले आणि त्यांनी आईचा हात हातात घेतला. पेशंटला भरून आलं, पण गाल दुखत असेल असं समजून त्याला कुणी विचारलं नाही.

मातोश्रींनी ट्रेसिंग पेपर मांडीवर घेतला, पालथा केला, नीट सपाट केला आणि त्या उलट्या अक्षरांच्या शेजारी आपली सुलटी, ठसठशीत सही केली. "बाकीची अक्षरं तुमच्या काकांना फिरवून लिहायला सांगा. आणि खोली चौदा फुटांची नको. बारा पुरे. उगाच झाडायला वाढवून ठेवलीय."

सही बघून मॅडमचं भान सुटलं. कागद उंच धरून त्या काकांकडे धावत सुटल्या, सरळ, मधल्या भिंतीतून.

"मॅडम!" मातोश्री, सूनबाई, डॉक्टर, हमाल आणि सुजलेला गाल एकदम ओरडले.

मॅडम जागच्या जागी थांबल्या, परत फिरल्या आणि हॉल ओलांडून रीतसर दारातून बाहेर पडल्या. काका तोवर जवळचा चष्मा लावून उठले होते. "तेविसावा मी काढणार नाही म्हटलं होतं ना," ते डोळे पुसत म्हणाले, "पण अक्षरं फिरवायला काय, अर्धा दिवस पुरे."

मॅडमनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून गावी फोन लावला.

"आई, या रविवारी येतेस का? घर दाखवायचंय."

"घर?" पलीकडून जपून विचारलं गेलं. "का भिंत?"

"घर गं. अख्खं. भिंती अजून व्हायच्यात, पण माणसं राहायला लागली आत." मॅडमनी मागे वळून बघितलं. सूनबाई बेडरूमचं दार उघडून बाहेर आली होती आणि डॉक्टर दुसऱ्या पेशंटला सोफ्यावर बसवत होते. "फक्त आलीस की आधी दार शोध आणि तिथूनच आत ये. इथल्या मावशी फार कडक आहेत."