अजाबरावांची डबी

अजाबरावांकडे रेडिओ दुरुस्तीला नेला की ते आधी आणणाऱ्याचं बोट मागत. अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. "द्या बोट." एका हवालदाराला वाटलं, हा आपलेच ठसे घेतोय, बंद रेडिओ उचलून तो चालता झाला.

तपकिरीच्या रिकाम्या डबीत एका बाजूला टॉर्चचा बल्ब, दुसऱ्या बाजूला ट्रान्झिस्टरच्या पोटातला शेंगदाण्याएवढा काचेचा नग. त्यावरचा काळा रंग ब्लेडनं खरवडला की त्याला उजेड कळतो म्हणे. मध्ये बोट घालायचं. "ठोका पडला का बोटात रगत भरते, उजेड अडते. उतरलं का उजेड पार. टोचाटोची नाही!" आणि डबीला जोडलेल्या मीटरचा काटा नाडीबरोबर डुलू लागे.

"बाई, तुमचं काळीज लय घाईत हाय."

"शाळेची घंटा झालीय. बोट सोडा," मी म्हणे.

सगळे हसत. मीही हसे. डबी कुणासाठी आहे हे ठाऊक असून हसे.

त्यांच्या बायकोला, गुंफाबाईंना, चार पावलांवर धाप लागे. दवाखान्यात दर खेपेला टोचत, रक्त काढत. एक दिवस त्या अकोटला भावाकडे निघून गेल्या. "टोचणं बंद होईन तवा येईन." त्याला वर्ष झालं होतं.

पौषात अजाबराव माझ्याकडे आले. "बाई, तुमी चला संगं. एकट्याले तिचा भाऊ दारातूनच वापस करन." रविवार होता. डबी घेऊन आम्ही अकोटला गेलो.

भावानं वायरी पाहिल्या. "काहून जी, पंप बसवता का बहिणीले?"

गुंफाबाई हौदावरून धुणं टाकून आल्या. बोट डबीत गेलं. काटा हलेना. अजाबरावांनी बल्ब पाहिला, वायर पाहिली, स्वतःचं बोट घातलं, काटा डुलला. पुन्हा गुंफाबाईंचं. ढिम्म.

"तुमच्या मशीनीनं तं मेली माही बहीण," भाऊ म्हणाला.

अजाबराव पुन्हा बल्ब चाचपू लागले. मी गुंफाबाईंचा हात धरून पाहिला. "बर्फ झालेत हात, बोटात रक्तच येत नसेल. ऊब द्या आधी."

भावजय शेगडी आणायला वळली. अजाबरावांनी वाट पाहिली नाही. सासुरवाडीच्या अंगणात, सगळ्यांदेखत, त्यांनी बायकोचे दोन्ही हात आपल्या तळव्यांत धरले आणि चोळू लागले. आमच्याकडे असं कुणी करत नाही.

"सोडा न. भाऊ पाहून राहिला."

"पाहू दे."

शेगडी आली तरी त्यांनी हात सोडले नाहीत. मग बोट डबीत ठेवलं. काटा हलला. थोडका हलला, एकदा अडखळला, पुन्हा हलला. गावभराची काळजं मोठ्यानं वाचणारा हा माणूस नुसता काट्याकडे पाहत राहिला.

"कसं हाय?" गुंफाबाईंनीच विचारलं.

"हाय," ते म्हणाले. "चाल घरी. डॉक्टरले हेच दाखवतो. मी उभा राहीन तिथं."

डॉक्टर डबीवर भागवणार नाही, हे मला कळत होतं. बहुधा गुंफाबाईंनाही. त्यांनी हात पदराखाली घेतले. "थंडी सरू द्या. मंग पाहू."

परतीच्या एसटीत आम्ही दोघंच. खिडकीला काच नव्हती, वारा कानात शिरत होता. मूर्तिजापूरच्या कुणाचा तरी रेडिओ कसा बिघडला होता ते त्यांनी मला बराच वेळ सांगितलं. मग एकदम विचारलं, "बाई, थंडी कधी सरते?"

"होळीपर्यंत."

त्यांनी मफलर सोडून मांडीवर ठेवला. "यंदा लवकर सरन असं वाटून राहिलं."