रेवणप्पांचं अर्धं आयुष्य

औषध असो की शब्द, वर्षाराणी दोन्ही मोजूनच द्यायची! लातूरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स प्रॅक्टिशनर होऊन तिला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत एक मिलीलीटरही चुकला नाही, हे ती कुणी न विचारताही सगळ्यांना सांगायची.

नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. प्रशिक्षणाचे तास भरत आले होते. उरलं होतं औषधशास्त्राचं पंधरा मिनिटांचं सादरीकरण. दुपारी साडेबाराला, दवाखान्याच्याच वरच्या हॉलमध्ये. ते बिघडलं की नोंदणी लटकली आणि तिच्या मागोमाग नोकरीही!

म्हणून सकाळी सहाला ती आरशापुढे उभी राहिली. विषय मधुमेहाची गोळी. उदाहरण घरातलंच, सासऱ्यांचं.

"रुग्ण रेवणप्पा, वय अडुसष्ट. मेटफॉर्मिन. अर्धं आयुष्य फक्त सहा तास! सहा तासांनी अर्धं उरतं, बारा तासांनी पाव. तीस तासांनी जवळजवळ खल्लास!"

दाराबाहेर रेवणप्पा लिंगपूजेला बसले होते. ती गोळी ते पाच वर्षं घेत होते, पण घरात तिचं नाव 'जेवणाची गोळी'. मेटफॉर्मिन हा त्यांना नवाच रोग वाटला!

वर्षाराणी निघताना पाया पडली, तर त्यांचे डोळे भरले. "सुखी राहा माय. माझ्या मागं सासूला संभाळ."

'एका सादरीकरणाचं एवढं कौतुक!' वर्षाराणी खूश.

ती गेल्यावर रेवणप्पांनी बायकोला, महादेवीला, आणि मुलाला, वीरण्णाला, सगळं सांगितलं. महादेवीनं "अय्यो शिवा!" म्हणून भिंतीला डोकं टेकलं.

"पोरीला फोन करू नका," रेवणप्पा म्हणाले. "परीक्षा हाय तिची. कोणत्या काळजानं लपवून राहिली, शिवालाच ठावं!"

साडेबारा वाजले. हॉलमध्ये चाळीस नर्सा आणि समोर परीक्षक प्रियदर्शनी मॅडम. वर्षाराणीनं तोंड उघडलं, "अर्धं आयुष्य म्हणजे…" आणि दार धाडकन उघडलं! प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले रेवणप्पा आत आले. खुर्ची वीरण्णा आणि वॉर्डबॉयच्या हातात.

"बारा वाजले अन् ह्यांचं अर्धं अंग गेलं!" महादेवीनं हंबरडा फोडला. "अगदी तू म्हणली तसं गं!"

पक्षाघात? वर्षाराणी धावली. "मामा, दोन्ही हात वर करा!"

केले.

"आता हसा!"

"हसायची येळ हाय का ही?"

हात ठीक, चेहरा ठीक. डाव्या पायाला फक्त मुंग्या. "मांडी घालून किती वेळ बसलात?"

"सकाळधरनं. आपल्या लिंगायतांत मेल्यावर बसवूनच पुरतात. म्हणलं, नंतर तुम्हाला तरास नको!"

तिनं बोटातून रक्ताचा थेंब काढला. यंत्रावर साखरेचा आकडा उमटला: चारशे बारा! चाळीस नर्सांनी एकदम श्वास रोखला.

"सकाळपासून खाल्लं काय?"

महादेवीनं पदराआडून सांगितलं, "पुरणपोळ्या चार. जिलबी पावशेर. पेढे न्हाई मोजले. शेवटची इच्छा होती माय!"

"आणि गोळी?"

"तीस तासांचा तर कारभार," रेवणप्पा म्हणाले. "गोळी कशाला वाया घालायची?"

"मामा! अर्धं आयुष्य गोळीचं! गोळी रक्तात सहा तासांनी अर्धी उरते! तुमचं काही नाही!"

रेवणप्पांनी आपली नाडी चाचपली.

"म्हंजे मी मरून न्हाई राहिलो?"

"नाही!"

"वीरण्णा," ते हळूच मागं वळले, "सकाळी दुकानाच्या चाव्या दिल्यात, त्या आण इकडं."

मामांना खालच्या मजल्यावर दाखल केलं आणि वर्षाराणीनं वर येऊन उरलेलं सादरीकरण पुरं केलं. संध्याकाळपर्यंत साखर उतरली आणि वर्षाराणीचा निकालही आला. औषधशास्त्र: उत्तम. खाली मॅडमचा शेरा: 'रुग्णाला समजेल असे बोलणे: आणखी दहा तास.'

तेव्हापासून ती आरशापुढे बोलत नाही. मनातल्या मनात घोकते. पण सकाळी सहाला दाराशी कुणीतरी खाकरतंच.

"माय, आज न्हाई का कुणाचं अर्धं आयुष्य? पुरण शिजवायला सांगतो!"