विसूकाका आणि भोंगा

आमचे शेजारी विसूकाका माणसाशी बोलायच्या आधी त्याचा शर्ट बघत. परदेशीपुऱ्यातल्या मिलमध्ये त्यांचा उभा जन्म कापड तपासण्यात गेला होता. माझ्या साखरपुड्याला त्यांनी मला भर मांडवात उजेडाकडे वळवलं, बाही चिमटीत धरली आणि जाहीर केलं, "डाग है, भिया!" सासरेबुवा चष्मा लावून बघायला आले.

मग मिल बंद पडली. काकू आधीच गेल्या होत्या, मुलगा पुण्याला. तपासायला काही उरलं नाही, तेव्हा काका गल्लीतल्या वाळत घातलेल्या चादरी तपासू लागले. बायका वैतागल्या.

अशात त्यांना भोंगा सापडला. मिलच्या गेटवरचा हा कुत्रा पाळीचा भोंगा झाला की सोबत गळा काढायचा, म्हणून हे नाव. मिल बंद झाली तरी तो गेट सोडेना. आता त्याच्या अंगभर पुवाच्या पुळ्या, केस झडलेले. लोक दगड मारत. काकांनी त्याला रिक्षात घालून पलासियाच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कातडीला जंतूंची लागण झाली होती. गोळ्या मिळाल्या, औषधी शाम्पू मिळाला. शाम्पूचा फेस लगेच धुवायचा नव्हता. तेवढा वेळ काका भोंग्याला धरून मिलच्या गोष्टी सांगत. तोही बिचारा ऐकून घेई.

पुळ्या सुकल्या. काकांनी केस उलटे फिरवून पाहिले, "पास!" म्हणाले, गोळ्या बंद केल्या आणि भोंग्याला गेटवर सोडून आले. थोड्याच दिवसांत पुळ्या परत, आणि काका परत डॉक्टरीणबाईंपुढे.

"कापड एकदा पास झालं की झालं, मॅडम," काका पुटपुटले.

"हे कापड नाहीये, काकाजी! आतले जंतू दिसतात थोडीच? वरून ठीक दिसलं तरी मी सांगेपर्यंत गोळ्या द्यायच्या. और घरीच ठेवा त्याला."

या खेपेला काकांनी पोळीच्या लाडवात लपवून एकूण एक गोळी दिली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकदम साफ. आता जाऊ द्या त्याला गेटवर."

संध्याकाळी मी डोकावलो. काकूंच्या जुन्या सतरंजीवर भोंगा पसरला होता आणि काका खिडकीच्या उजेडात त्याचे केस उलटे फिरवत होते.

"भिया, हे बघ. डाग है. अजून पास नाही करता येत."

मी वाकून पाहिलं. नवे, तकतकीत केस होते. जन्मात कधी खोटा डाग न दाखवलेला माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हो काका," मी म्हणालो, "दिसतोय. राहू द्या त्याला इथेच."