मागील आसन दुमडण्यापूर्वी प्रतिनिधीने उतरावे

समाज किती पुढे गेला आहे, हे त्याच्या मोटारीच्या मागच्या आसनावरून ओळखावे. पुढे चालक आणि प्रतिष्ठा बसलेली असते. लवचिकता काय ती मागेच.

कापसाच्या संकटाच्या त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात अभ्यास समित्यांचे पीक जोमदार आले होते. (कापसाचे बेताचे.) जीपा पुरेनात, तेव्हा वरिष्ठ लिपिक श्रीकृष्णरावांनी घरची मोटार कामाला लावली. परवानगीपत्रात ‘वाहन कुटुंबासह वापरावे’ असे छापले गेल्याने पत्नी शुभदाबाई पुढच्या सीटवर हजर होत्या.

कामगिरी सोपी होती. बाभुळगावजवळच्या एका खेड्यातून कापूस उत्पादकांच्या प्रतिनिधी रुक्माबाई आणि कापसाचा नमुना यवतमाळच्या बैठकीला आणायचा. नमुना चाळीस किलो. अकरा सदस्यांना मूठमूठ पाहायला एवढा लागतोच, असे तज्ज्ञांचे मत पडले होते.

रुक्माबाई ठेवणीतले लुगडे नेसून मागे बसल्या. काय बोलायचे ते गावाने त्यांच्याकडून चार वेळा म्हणून घेतले होते. मग गाठोडे आले. डिकीत त्याचा एक कान तेवढा शिरला.

श्रीकृष्णरावांनी गाडीची पुस्तिका उघडून मोठ्याने वाचले, “आसन दुमडण्यापूर्वी ते रिकामे असल्याची खात्री करावी.” आणि रुक्माबाईंकडे पाहिले.

त्या उतरल्या.

डोक्यामागची उशी खाली झाली. पट्ट्याचे बक्कल बाजूला गेले. सांध्यात कोणाचे बोट नाही, हे तीनदा तपासले. खटका ओढला, पाठ आडवी झाली, हलवून पाहिली. इतके निर्दोष दुमडणे तालुक्यात पूर्वी झाल्याची नोंद नाही.

“आता मी कुठं बसू, साहेब?”

“दुमडलेल्या आसनावर माणूस बसवता येत नाही, रुक्माबाई. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे.”

“अन् नाही दुमडलं तं?”

“कापूस मावत नाही.”

“पण बोलाले मले बोलावलं ना? कापूस बोलते काय?”

“मी उतरते, त्या पुढे बसतील,” शुभदाबाई म्हणाल्या.

“कुटुंब उतरलं की परवानगी रद्द,” श्रीकृष्णराव म्हणाले. मुद्दा बिनतोड होता.

बैठकीत ‘प्रतिनिधी’ अशी पाटी असलेल्या खुर्चीवर गाठोडे बसवण्यात आले. अध्यक्षांनी त्यास आदराने विचारले, “आपलं काही म्हणणं?” दोन मिनिटे वाट पाहून ‘काही म्हणणे नाही’ अशी नोंद झाली.

शुभदाबाई उभ्या राहिल्या. “अहो, त्या बाईंना—”

“आपण कोण?”

“कुटुंब.”

“मग गाडीत बसावं.”

रुक्माबाई एसटीने पोचल्या तेव्हा शिपाई कप उचलत होता.

“झालं काय माह्यं बोलणं?” त्यांनी धापा टाकत विचारले.

“झालं,” श्रीकृष्णराव म्हणाले. “एकमताने मंजूर.”

रुक्माबाई खुर्चीतल्या गाठोड्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पदराने तोंड पुसले आणि बसस्थानकाकडे वळल्या. शुभदाबाईही त्यांच्यामागे निघाल्या. श्रीकृष्णरावांनी परवानगीपत्र फडकावले, पण शुभदाबाईंनी मागे पाहिले नाही. एसटीत शेजारी बसून त्यांनी रुक्माबाईंचे सगळे म्हणणे बाभुळगावपर्यंत ऐकले. (अनधिकृतपणे.)

समितीने प्रत्येक तालुक्यात आसन दुमडण्याचे प्रशिक्षण देण्याची शिफारस केली आहे.

वाचकांना आता ते प्रशिक्षण घेण्याची गरज नाही. मात्र रुक्माबाईंना नेमके काय सांगायचे होते, हा प्रश्न इथवर आपल्याला पडला नसल्यास कळवावे. समितीत एक जागा रिकामी आहे.